आई_चाल_फायनल

जेवणानंतर चित्रगती संस्थेत सगळे झोपायचे. तो अभ्यासाचाच भाग होता. वेळापत्रकात त्या तासाचं नाव होतं 'जुळवण'. डबे धुऊन झाले की मुलंमुली लांबच लांब खोलीत सतरंज्यांवर आडवी व्हायची, कपाळावर बोटभर रुंदीची मऊ पट्टी बांधायची, आणि कुणीतरी पडदे ओढायचं. बाहेर कोल्हापूरची टळटळीत दुपार, खिडकीच्या फटीतून गुऱ्हाळाचा गोडसर वास, आणि आत पापण्यांच्या मागे काम चालू.

ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांना पूर्वी माणसं बघत बसावं लागे. एसटी स्टँडवर वही घेऊन बसायचं, म्हातारा कसा उठतो, पोर कसं धावतं, ते रेघांत पकडायचं. आता तसं उरलं नव्हतं. आपल्या माणसाची चाल कशी असते ते कुणालाच सांगता येत नाही, पण डोक्यात ती असतेच. अंधारात जिन्यावर पाय वाजले तरी आपण ओळखतो, कोण आलं. पट्टी नेमकी तीच गोष्ट टिपायची. डोळे मिटून माणूस आठवायचा, आणि संगणकावर काड्यांची एक आकृती चालू लागायची. चेहरा नाही, कपडे नाहीत, नुसतं चालणं. या फाईलला मुलं 'आठवफाईल' म्हणत.

आठवफाईल आणि ती देणारं डोकं यांच्यामध्ये एक दोरा राहायचा. काल अर्धवट आठवलेलं आज नीट आठवलं की झोपेत फाईल आपोआप सुधारायची. आणि फाईल बदलली, की झोपेत आठवण बदलायची. म्हणून भिंतीवर नियम टांगलेले होते: स्वतःच्या नावानेच काम उघडा. फाईलला हात लावण्याआधी तिची प्रत काढा आणि दोरा सोडवा. नावं नीट द्या.

विद्यार्थ्यांनी नियमांचं जे करायचं असतं, तेच टीम तीनने केलं होतं.

टीम तीनमध्ये तिघं. गोदा चौगुले गडहिंग्लजची, हाताने काढलेल्या रेघेतही जीव ओतणारी. सुमेध वाघमारे जयसिंगपूरचा, कामापेक्षा बोलणं जास्त. आणि तन्वीर मुजावर मिरजेचा, टीमचा फोल्डर सांभाळणारा. त्याला सगळे तलाठी म्हणत. त्यांची फिल्म पाच मिनिटांची होती. एक आई जत्रेतून घरी निघाली आहे, पोर खांद्यावर झोपलं आहे, रस्ता संपत नाही. बस्स. तन्वीरने तिच्या तोंडी एक ओवी घातली होती:

निजलं माझं बाळ, खांद्यावर त्याचा भार
वाटे गं बाई, माझ्या पायाखाली हळू सर

त्या दुपारी जुळवण उरकली. गोदा पट्टी सोडून, तोंडावर पाणी मारून व्हरांड्यात आली. व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला उन्हाचा लोट होता आणि त्या उजेडातून एक बाई चालत येत होती. चेहरा दिसत नव्हता. हातात पिशवी, उजवा खांदा किंचित खाली, पाय उचलण्याआधी जरासं थबकणं, जसं काही जमिनीला विचारून पाऊल टाकावं.

गोदाच्या हातातून ओढणी गळाली.

"आई!"

ती धावली. बाईच्या गळ्यात पडली. पिशवीतला डबा दोघींच्या मध्ये खडखडला. बाई गोंधळली, पण हात तिच्या पाठीवर ठेवायला विसरली नाही.

"अगं, अगं... कोण गं तू बाळ? काय झालं?"

"ए गोदे!" मागून सुमेध ओरडला. "सोड की! माझी आई आहे ती. डब्यात वाटा मिळेल, आईत नाही."

गोदाने मान वर केली. समोरचा चेहरा अनोळखी होता, गोल, घामेजलेला, मायाळू. ती मागे सरकली. तिची आई जाऊन कित्येक वर्षं झाली होती. गोदा तेव्हा चौथीत होती.

"सॉरी काकू," ती म्हणाली. तिला दम लागला होता. "तुम्ही... तुम्ही माझ्या आईसारख्या चालता. सारख्या नाही. तश्शाच. थांबता पण तिथंच."

सुमेध हसायला लागला आणि हसता हसता थांबला. तन्वीर दारात उभा होता.

"गोदे," तो म्हणाला, "मी सकाळी फोल्डर आवरला."

*

कुठल्याही टीमच्या फोल्डरमध्ये तीन थर असतात. वर दोन-चार शहाणी नावं, 'पात्रं', 'पार्श्वभूमी', 'आवाज'. त्याखाली 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर २'. आणि सगळ्यात खाली 'किरकोळ', ज्यात खरी फिल्म असते. टीम तीनचा फोल्डर असाच होता. त्यात 'आई_चाल' होती, 'आई_चाल_फायनल' होती, 'आई_चाल_खरंच_फायनल', आणि सुमेधने चिडून ठेवलेली 'आई_चाल_देवाशप्पथ'.

घोळ असा, की फिल्ममधल्या पात्राचंच नाव आई होतं. त्यामुळे त्या पात्रासाठी जी जी चाल दिली, ती 'आई_चाल' झाली. गोदाने आपल्या आईची दिली, सुमेधने त्याच्या आईची. हॉस्टेलच्या मावशींची एकदा करून बघितली, तीही त्याच नावाने. आणि सगळ्या तन्वीरच्या नावाखाली. कारण सकाळी येऊन तो संगणक उघडायचा, आणि मग दिवसभर कोण लॉगिन-लॉगआऊट करत बसणार? नोंदीप्रमाणे सगळ्या आया तन्वीरच्या होत्या.

"मी नवीन साफसफाई चालवली," तन्वीर सांगत होता. त्याचा आवाज बारीक झाला होता. "एकाच नावाच्या फाईली दिसल्या की ती विचारते, एकत्र करू का. मी हो म्हटलं. तिने एक ठेवली, बाकीच्या अडगळीत टाकल्या. मला वाटलं, प्रती आहेत."

"कुठली ठेवली?" गोदाने विचारलं.

तन्वीरने सुमेधच्या आईकडे पाहिलं. ती बाकावर बसून डब्याचं झाकण उघडत होती, या पोरांना भूक लागली असेल म्हणून.

एकत्र करताना गोदाचा दोराही तिच्याच फाईलला बांधला गेला होता. एका खुंटीला आता दोन दोरे होते. सुमेधच्या डोक्यात त्याचीच आई चालत होती, त्याचं काहीच गेलं नव्हतं. गोदाच्या डोक्यात आईचा चेहरा आईचाच होता, आवाज आईचा, पदराला येणारा खोबरेल तेलाचा वासही तिचाच. फक्त चाल सुमेधच्या आईची होती. आणि गंमत म्हणा की क्रूरपणा, गोदाला काही हरवल्यासारखं वाटतच नव्हतं. ती डोळे मिटून बघायची. आई अंगणातून यायची, थबकायची, जमिनीला विचारून पाऊल टाकायची. किती ओळखीचं. लहानपणापासूनचं.

"मग परत आण ना माझी," ती म्हणाली. "अडगळीत आहे ना?"

अडगळीत पाच निघाल्या. सुमेधने दोन पाहताक्षणी बाजूला काढल्या. "ही आमची. ही पण आमचीच, गुडघा दुखत होता तेव्हाची." उरल्या तीन. तीन काड्यांच्या बायका पडद्यावर शेजारी शेजारी चालू लागल्या. फेकलेल्या फाईलींचे दोरे तुटलेले असतात. कुठली कुणाच्या डोक्यातून आली, हे सांगणारं काही उरलं नव्हतं.

पहिली भराभर चालायची. टाचा आपटत, चार पावलांनी मधेच कमरेतून वळायची, पुन्हा पुढे. दुसरी पाय फाकवून, डुलत, बहुधा हॉस्टेलच्या मावशींची. तिसरी संथ, एका लयीत, पाण्यावरून गेल्यासारखी.

"ओळख," सुमेध हळूच म्हणाला.

गोदा बघत राहिली. पुन्हा पुन्हा. तिघीही परक्या होत्या.

*

संस्थेत आठवणींचं शास्त्र शिकवायला डॉ. हेरवाडकर होत्या. दोन दिवसांनी त्यांच्या खोलीत गोदाचे पप्पा येऊन बसले. त्यांचं गडहिंग्लजला मोटार रिवाइंडिंगचं दुकान. नखांत वार्निश तसंच राहिलेलं, ते हात त्यांनी मांडीखाली धरून ठेवले होते.

"मॅडम, मला एक कळंना," ते म्हणाले. "आठवण म्हणजे डोक्यात ठेवलेली वस्तू. ती दुसऱ्याची कशी बसंल?"

"वस्तू नाही, हीच अडचण आहे," हेरवाडकर मॅडम म्हणाल्या. "आपल्याला वाटतं, आठवण फळीवरून काढली, बघितली, परत ठेवली. तसं होत नाही. आठवण काढली की ती सैल होते, ओल्या मातीसारखी. आणि परत ठेवताना मेंदू ती नव्याने घडवतो. दर वेळी. हे पट्टी नव्हती तेव्हापासूनचं आहे. पट्टीने फक्त ती ओली असताना आत हात घातला."

पप्पांनी विचार केला. "म्हणजे मोटार तीच, पण जळकी तार काढून दर वेळी नवी गुंडाळायची."

"अगदी तसंच."

"मग सगळी तार नवी झाल्यावर मोटार तीच कशी म्हणायची?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पडदा पप्पांकडे वळवला. "तुम्ही ओळखा. तुमच्या आठवणीला आम्ही हात लावलेला नाही."

तीन बायका चालू लागल्या. पप्पा पुढे झुकले. क्षणभरच.

"ही," त्यांनी तिसरीवर बोट ठेवलं. "ही बघा. अशीच यायची. पायाचा आवाज नाही की काही नाही. घरात कधी आली, कळायचं नाही."

गोदाने श्वास सोडला. तिला काहीच वाटलं नव्हतं, पण निदान ठरलं होतं.

तेवढ्यात तन्वीर, जो इतका वेळ दाराशी अपराध्यासारखा उभा होता, घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, ती... तिसरीची तारीख नंतरची आहे. पहिली जुनी आहे. मला वाटतं तिसरी गोदानंच केली असंल, पहिलीवरनं. फिल्मसाठी. झोपलेलं बाळ खांद्यावर, म्हणून झटके काढून टाकलेली."

"मी केली?" गोदा म्हणाली. तिला अंधुक आठवत होतं, कुठलीतरी चाल मऊ करत ती बसली होती. पण कुणाची, ते आठवत नव्हतं.

"एखादा जुना व्हिडिओ नाही?" मॅडमनी विचारलं.

"हाय की," पप्पा म्हणाले. "पण त्यात ती दिसत नाही. फोन कायम तिच्याच हातात. शूटिंग करणारी तीच."

त्यांनी फोन काढला. मळ्याच्या वाटेवरचा व्हिडिओ होता. चित्र हिंदकळत होतं. बांध, आभाळ, पुन्हा बांध. मग चित्र गर्रकन मागे वळायचं आणि दोन वेण्यांची एक पोर धापा टाकत मागून येताना दिसायची. "चल गं, राहिलीस बघ मागं," न दिसणारी बाई म्हणायची, आणि पुन्हा बांध, आभाळ.

मॅडमनी तो संगणकावर घेतला. हातातला फोन चालणाऱ्याच्या पावलाबरोबर हिंदकळतो. त्या हिंदकळण्याचा ठेका मोजला, की पायांचा ठेका मिळतो. पडद्यावर दोन रेघा उमटल्या, एक व्हिडिओची, एक पहिल्या बाईची. दोन्ही एकमेकींवर जवळजवळ बसल्या.

"पहिली," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई," पप्पा म्हणाले. एकदम, जरा रागानेच. "अशी टाचा आपटत? ती? व्हिडिओ काढताना माणूस तसं चालत असंल. मी संसार केलाय मॅडम तिच्याबरोबर. रोज डोळ्यापुढं येती माझ्या."

"रोज?"

"रोज. दिवा लावताना."

मॅडमनी अगदी हलक्या आवाजात सांगितलं. "दादा, वाईट वाटून घेऊ नका. जी आठवण आपण कधी काढत नाही, ती जशीच्या तशी राहते. जी रोज काढतो, ती रोज नव्याने घडते. रोज हाताळून तुम्ही तिचे कंगोरे घासून काढलेत. गोदाने महिनाभरात फाईलवर जे केलं, तेच तुम्ही इतकी वर्षं करत आलात. तुम्ही दोघं एकाच बाईपाशी पोचलात. फक्त ती... कदाचित तुमची बायको नसेल."

पप्पांनी मांडीखालचे हात बाहेर काढले आणि पुन्हा आत घातले. फोनमधली बाई तेवढी बोलत राहिली, चल गं, राहिलीस बघ मागं.

डोळे मिटले की गोदाच्या अंगणात सुमेधची आई चालत होती, तिच्या आईचा चेहरा घेऊन. डोळे उघडले की एक परकी बाई टाचा आपटत होती आणि यंत्र म्हणत होतं, हीच तुझी. आणखी एक परकी बाई पाण्यावरून आल्यासारखी येत होती आणि तिचा बाप म्हणत होता, हीच तुझी. पारखायला तिच्याकडे कसोटीचा एकच दगड होता, आणि तो दगडच बदललेला होता.

"दोन्ही नाही ठेवता येणार?"

"एका माणसाची चाल एकच असते," मॅडम म्हणाल्या. "दोन दोरे बांधले तर मेंदू दोन्ही मिसळून तिसरीच करतो. लवकर ठरव. प्रत्येक झोपेत आत्ताची अधिक पक्की होत जाईल. आणि एकदा जुळवण झाली, की जी निवडशील ती तुला जन्मापासूनची वाटेल. आजचं हे बोलणं लक्षात राहील, पण दुसऱ्याच्या घरात घडल्यासारखं."

"पहिली खरी आहे ना मॅडम?"

"मोजमाप तसं म्हणतं."

"पण ती कुणाचीच नाही." गोदा पप्पांकडे बघत होती. "मला ओळखू येत नाही, पप्पांना येत नाही. मी तिला घेऊन घरी गेले, तर दिवा लावताना आम्ही दोघं शेजारी उभं राहणार आणि दोन निराळ्या बायकांची आठवण काढणार." तिने डोळे पुसले. "तिसरी बांधा. निदान दोघांची एकच असू दे."

"बाळ, माझ्यासाठी नको," पप्पा म्हणाले.

"माझ्यासाठीच म्हणते मी."

तन्वीरने फाईल उघडली. या वेळी गोदाच्या नावाने लॉगिन केलं.

*

वर्षाखेरीला फिल्म दाखवली. सभागृहात घरची मंडळी बसली होती. पडद्यावर जत्रेतून निघालेली आई संथ पावलांनी चालत होती, पायाचा आवाज नाही की काही नाही, आणि ओवी तिच्यामागून वाऱ्यासारखी येत होती. पप्पांनी चष्मा काढून ठेवला होता. गोदाने त्यांचा हात धरला होता. दोघंही एकाच वेळी हुंदके देत होते. मागून बघणाऱ्याला वाटलं असतं, कधी कुणी इतकं एकमेकांचं असू शकतं का.

मग चहा झाला. सुमेधची आई व्हरांड्याच्या टोकाला उभी होती, हातात निराळा डबा घेऊन. त्या दुपारनंतर तिच्या मनात ती मिठी राहून गेली होती. मुलगी नव्हती तिला. गोदा समोरून येताना दिसली तशी ती चालू लागली, जरा मुद्दाम, जरा सावकाश. पाय उचलण्याआधी थबकली, उजवा खांदा खाली जाऊ दिला.

गोदा जवळ आली आणि हसली.

"काकू, सुमेध आत आहे. बोलावू?"

"नको गं," ती म्हणाली. डबा तिने पदराखाली घेतला. "असू दे. असंच आले होते."

संगणकाच्या खोलीत तन्वीर एकटा बसला होता. वर्षाचे फोल्डर रिकामे करायचे होते आणि अडगळही. बाकी सगळं पुसून झालं होतं. एकच फाईल उरली होती आणि तिच्यावर त्याचा हात चालत नव्हता.

"अजून आवरतोस होय तलाठी?" गोदा दारातून म्हणाली. "चल की, फोटो काढायचाय."

"ही ठेवू का काढू?"

ती आत येऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. पडद्यावर काड्यांची बाई भराभर चालत होती. टाचा आपटत चार पावलं, मग कमरेतून वळून मागे, मग पुन्हा पुढे. गोदाला ती कोण म्हणून दाखवली होती, ते माहीत होतं. ऐकीव गोष्ट माहीत असते तसं.

"किती घाईत आहे," ती म्हणाली. "आणि सारखी मागं वळून काय बघते रे ही?"

तन्वीरने तो व्हिडिओ पाहिला होता. बांध, आभाळ, दोन वेण्या, धापा. पप्पा त्या वाटेवर कधी तिच्या मागून चालले नसतील. मागून चाललेलं माणूस एकच होतं. हे सांगून काय होणार होतं, ते त्याला कळेना.

"कुणीतरी मागं राहिलं असंल," गोदाच म्हणाली, सहज, आणि त्याच्या खांद्यावर थाप मारून बाहेर गेली. फोटोसाठी सगळे हाका मारत होते.